निसटलेला टाका

वाचावयाचा शास्त्रभाग : प्रेषितांचीं कृत्यें ९:३६–४२, योहान १९:२३–२४.



यापो नगरांत टबीथा नांवाची एक शिष्या होती. तिला दुर्कस असेंही म्हणत. ती आजारी पडून मरण पावली, तेव्हां पेत्राला बोलावणें गेलें. तो माडीवर गेला, तों तेथें विधवा स्त्रिया रडत उभ्या होत्या. त्या बायांनीं काय केलें हें लक्षांत घ्या. त्यांनीं टबीथेच्या गुणांचें व्याख्यान केलें नाहीं. ती आपल्यामध्यें असतांना तिनें जे अंगरखे व जीं वस्त्रें केलीं होतीं, तीं त्यांनीं पेत्राला दाखविलीं. एखाद्या मनुष्याचें आयुष्य कसें गेलें ह्याची साक्ष त्याच्या हातच्या वस्त्रांनीं द्यावी, हें केवढें नवल! आज आम्ही हातच्या विणकामाविषयींच चार शब्द लिहूं इच्छितों. आणि त्यांत आमच्या स्वतःच्या घरची एक गोष्ट सांगणें प्राप्त आहे. ती सांगतांना आम्हांस लाज वाटते, परंतु झांकून ठेविली तर कोणाच्या उपयोगीं पडणार नाहीं.

आमचें घर सांगवीस आहे. मुळा व पवना ह्या दोन नद्यांच्या मधल्या जमिनीवर हें गांव वसलें आहे, आणि तेथून थोडें खालीं, दापोडीजवळ, त्या दोन्ही नद्या एक होतात. पूर्वीं येथें शेतें व मळे होते. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा पेनिसिलीनचा सरकारी कारखाना निघाला, त्याच्या मागोमाग दुसरे कारखाने आले, १९८२ सालीं पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली, आणि आज येथें मजल्यावर मजले उभे आहेत. जमिनीला भाव आला, तसें घराघरांत वाटणीचें बोलणेंही आलें.

आमचे वडील एका कारखान्यांत कामास होते. रात्रपाळीला ते सायकलीवर जात. पौषांतली थंडी नदीकांठीं फार झोंबते. म्हणून आईनें त्यांच्यासाठीं कानटोपी, हातमोजे आणि एक करडा स्वेटर विणला होता. पहांटे भोंगा होऊन ते घरीं येईपर्यंत ती चुलीपुढें विणीत बसलेली असे. ही विद्या तिनें लहानपणीं मिशनच्या मुलींच्या शाळेंत घेतली होती. आपल्या प्रांतांत मुलींच्या हातीं अक्षराबरोबर सुईही आली, हें विसरूं नये. अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फॅरार बाई १८२७ सालीं मुंबईस आल्या, व पुढें अहमदनगरास त्यांनीं मुलींच्या शाळा चालविल्या. पंडिता रमाबाईंनीं १८८९ सालीं मुंबईस शारदा सदन काढलें आणि नंतर केडगांवास मुक्ति सदन वसविलें; तेथें निराधार स्त्रियांस वाचनाबरोबर विणणें, शिवणें व छापखान्याचें काम शिकवीत, यासाठीं कीं त्यांनीं कोणाच्या दारीं हात पसरूं नये. आमची आई त्याच परंपरेंतली एक साधी बाई होती.

आतां सुयांवरच्या विणकामाचा गुण कोणता तो पाहूं. आपल्या देशीं घोंगडी होते ती मागावर. धनगर मेंढरांची लोकर कातरतात, तिचें सूत निघतें, आणि सणगर तें मागावर विणतात. मागावर धागे दोन प्रकारचे : उभा ताणा आणि आडवा बाणा. त्यांतला एखादा तुटला तरी शेजारचे धागे कापडाला धरून राहतात. दोन सुयांवर धागा एकच असतो. एका फांसांतून दुसरा फांस ओढावयाचा, दुसऱ्यांतून तिसरा, अशा रीतीनें ओळीवर ओळ चढते. खालचा टाका वरच्याला आधार देतो आणि वरचा टाका खालच्याला सुटूं देत नाहीं. म्हणून तें वस्त्र अंगाबरोबर ताणतें, कोपराशीं वांकतें, आणि पुन्हा आपल्या जागीं येतें. परंतु त्यांतला एकच टाका सुईवरून निसटला, तर त्याच्या खालचा सुटतो, मग त्याच्या खालचा, आणि पाहतां पाहतां वस्त्रांत उभी शिडी पडते.

बंधुभगिनींनो, आपलीं कुटुंबें आणि आपल्या मंडळ्या अशाच विणलेल्या आहेत. प्रेषित पौल कलस्सैच्या लोकांस लिहितो कीं, तुमचीं अंतःकरणें प्रीतीनें एकमेकांशीं जोडलेलीं असावीं म्हणून मी झटत आहें (कलस्सै. २:२). ही जोडणी मोठमोठ्या उपकारांनीं क्वचितच होते. सकाळीं विचारपूस केली, आजाऱ्याला पेज नेऊन दिली, सासूबाईंच्या पायांस तेल लाविलें, भावाच्या मुलाला शाळेंतून आणिलें. हे एकेक टाके आहेत. दिसावयास ते लहान, पण त्यांतला प्रत्येक टाका दुसऱ्या कोणाला धरून असतो.

आमचा टाका निसटला तो असा. वडील वारल्यावर घराची वाटणी निघाली. थोरल्या बंधूंनीं रस्त्याकडची बाजू मागितली. धाकट्याला फसविलें, असें आमच्या मनानें घेतलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं ओट्यावर दादांनीं विचारलें, “चहा घेतलास कां?” आणि आम्हीं उत्तर दिलें नाहीं. शिवीगाळ झाली नाहीं, कोणी कोर्टाची पायरी चढलें नाहीं. एका प्रश्नाला उत्तर दिलें नाहीं, एवढेंच घडलें. त्याच्या दुसऱ्या दिवशीं त्यांनीं विचारलें नाहीं. मग मुलांचें एकमेकांच्या अंगणांत जाणें थांबलें. मग नाताळांत करंज्यांचें ताट ह्या घरून त्या घरीं जाईनासें झालें. सात वर्षें मध्यें एक भिंत राहिली. उपासनेच्या वेळीं ते उजवीकडच्या बांकावर बसत व आम्ही डावीकडच्या. आणि प्रभुभोजनाचें ताट दोन्ही बांकांवरून फिरे. ह्या सात वर्षांत आम्ही इतरांस क्षमेचा उपदेश करीत होतों, हें आम्हीं येथें कबूल करतों.

आई एक महिना त्यांच्या घरीं व एक महिना आमच्या घरीं राही. तिची लोकरीची पिशवी तिच्याबरोबर इकडून तिकडे जाई. एकदां आम्ही तिला वैतागानें म्हणालों, “बाजारांत इतके स्वेटर मिळतात, डोळे कां फोडून घेतेस?” हा प्रश्न पुष्कळांस पडतो, आणि तो खोटा नाहीं. १५८९ सालीं इंग्लंडांत विल्यम ली नांवाच्या पाळकानें मोजे विणण्याचें यंत्र काढलें, तेव्हांपासून यंत्रें मनुष्याच्या हातांच्या पुढें धांवत आहेत. लुधियानाचे गरम कपडे आपल्या आठवड्याच्या बाजारापर्यंत पोहोंचतात. हिवाळ्यांत पुण्याच्या रस्त्यांवर तिबेटी लोक स्वेटरांचीं दुकानें मांडतात. तीं वस्त्रें स्वस्त आहेत व तीं घेण्यांत कांहीं वाईट नाहीं. तरीपण हातच्या वस्त्रांत आणखी एक वस्तु असते. विणणारी व्यक्ति प्रत्येक ओळीला ज्याच्यासाठीं विणते त्याची आठवण करीत असते. खांदा किती, हात केवढा, पुढच्या वर्षीं किती वाढेल.

हन्नेची गोष्ट आठवा. तिनें आपला शमुवेल देवाच्या सेवेसाठीं शिलो येथें ठेविला होता. प्रतिवर्षीं ती एक लहान झगा करून त्याला नेऊन देत असे (१ शमुवेल २:१९). मूल तर तिच्या डोळ्यांपुढें नव्हतें. मग माप कोठून आणिलें? वर्षभर तिनें तें मनांतल्या मनांत वाढविलें असलें पाहिजे. १९६२ सालीं चीनशीं युद्ध झालें, तेव्हां आपल्या देशांत घरोघरीं बायांनीं जवानांसाठीं स्वेटर विणले. ज्याचें नांव ठाऊक नाहीं, ज्याचें तोंड पाहिलें नाहीं, अशा कोणा आईच्या मुलाच्या छातीचें माप त्यांनीं मनानें धरलें. प्रार्थना हीसुद्धां अशीच असते. जो जवळ नाहीं किंवा जो आपल्याशीं बोलत नाहीं, त्याचें माप मनांत ठेवून ती करावयाची असते.

आईनें आम्हांस उत्तर दिलें नाहीं. त्या हिवाळ्यांत तिनें पेटींतून वडिलांचा करडा स्वेटर काढिला व तो उसवावयास घेतला. आम्हांस वाईट वाटलें, पण ती म्हणाली, “पेटींत ठेवून कसर लागेल. ह्यांत दोन लहान होतील.” उसवलेली लोकर तुम्हीं पाहिली असेल. ती सरळ नसते. जुन्या टाक्यांचे वळसे तिच्या अंगांत राहिलेले असतात, आणि तशीच विणली तर नवें काम ओबडधोबड होतें. म्हणून तिची लड करून धुवावी लागते आणि खालीं थोडें वजन बांधून ओली टांगावी लागते. वाळतां वाळतां ती आपले वळसे सोडते. क्षमेचें काम कसें चालतें हें आम्हांस ह्याहून नीट कोठें दिसलें नाहीं. ‘जाऊं द्या, विसरलों’ असें तोंडानें म्हटल्यानें मनाचे वळसे जात नाहींत. पश्चात्तापाचें पाणी लागतें, धीराचें वजन लागतें, आणि वाळावयास दिवस लागतात. परंतु धागा तोच राहतो. त्यांतला वीतभरही टाकून द्यावा लागत नाहीं.

लडीचा गुंडा करावयास दोन माणसें लागतात. आई आमच्या मुलाचे दोन्ही हात पुढें धरवून त्यांवर लड चढवी, आणि मग खिडकींतून दादांच्या मुलीला हांक मारून गुंडा तिच्या हातीं देई. मोठीं माणसें बोलत नव्हतीं, म्हणून आजीला नाहीं म्हणण्याची त्या मुलांस कोणीं आज्ञा केली नव्हती. अशा रीतीनें एका संध्याकाळीं आमच्या ओट्यावर दोन्ही घरचीं मुलें एका धाग्याच्या दोन टोकांशीं बसून हंसत होतीं, आणि आम्ही आंत बसून पुढल्या रविवारच्या उपदेशाची टिपणें काढीत होतों.

पुढें आईची दृष्टि मंद झाली. एके दिवशीं तिच्या बोटांना काहींतरी लागलें. तिनें आम्हांस बोलावून पाहावयास सांगितलें. एक टाका निसटून पंधरावीस ओळी शिडी पडली होती. आम्ही म्हणालों, “वरच्या वर गांठ मारून टाक.” ती म्हणाली, “गांठीनें भोंक झांकेल, पण टाका मेलेलाच राहील. सुटलेला दिसतो वर, पण उचलावा लागतो अगदीं खालून.” मग तिनें क्रोशाची सुई घेतली, जेथें टाका प्रथम सुटला होता तेथें ती घातली, आणि एकेका ओळीचा आडवा धागा त्या फांसांतून ओढीत ती वरपर्यंत आली. काम झाल्यावर तिनें तें उलटून पाहिलें व आम्हांस दाखविलें. विणणाऱ्या बायांस ठाऊक आहे कीं, जो टाका एका बाजूनें सुलटा दिसतो तोच दुसऱ्या बाजूनें उलटा दिसतो. टाका एकच, बघणारा कोणत्या बाजूस आहे एवढाच भेद. तिचें बोलणें कोणाविषयीं होतें हें आम्हांस कळलें. तरी आम्ही उठलों नाहीं. आमचें मन कठीण होतें.

त्याच वर्षीं नाताळापूर्वीं ती प्रभूकडे गेली. शवपेटी अंगणांत ठेविली होती. थंडीचे दिवस, दोन्ही घरचीं मुलें शेजारीं शेजारीं येऊन उभीं राहिलीं, आणि दोघांच्या अंगांत आमच्या वडिलांच्या त्याच करड्या लोकरीचे स्वेटर होते. यापोच्या विधवांनीं पेत्राला काय दाखविलें असेल, हें आम्हांस त्या क्षणीं समजलें.

आईच्या पिशवींत एक काम अपुरें राहिलें होतें. मंडळींतल्या एका नव्या बाळाचा तो सदरा. टाके अजून सुईवर होते व एक बाही व्हावयाची होती. आमच्या पत्नीला विणतां येत नाहीं, वहिनींना येतें. सात दिवसांनीं आमची पत्नी ती पिशवी घेऊन भिंतीपलीकडे गेली. तिनें आमची परवानगी विचारली नाहीं, हें तिनें फार चांगलें केलें. ती बराच वेळ परत येईना, म्हणून आम्ही गेलों. वहिनी विणीत होत्या, पत्नी गुंडा धरून बसली होती, आणि दादा दाराशीं उभे होते. काय बोलावें हें सुचेना. मग आईचें वाक्य आठवलें : खालून. आम्ही म्हणालों, “दादा, चहा घेतला नाहीं मीं.” दादांनीं आमच्याकडे पाहिलें आणि आंत वळून म्हणाले, “आधण ठेवा.”

चहा घेतांना त्यांनीं एक गोष्ट सांगितली. वाटणीच्या वेळीं त्यांची नोकरी सुटली होती. ती गोष्ट त्यांनीं लाजेनें कोणासच कळूं दिली नव्हती. रस्त्याकडच्या बाजूस लहानसें किराणा दुकान काढून मुलांचें पोट भरावें, एवढाच त्यांचा हेतु होता. आम्हीं सात वर्षें त्या टाक्याची उलटी बाजूच पाहिली होती.

प्रिय वाचकहो, हें सर्व आम्ही केवळ घरगुती शहाणपण म्हणून सांगत नाहीं. जर्मनी देशांत बुक्स्टेहूडे येथें एक जुनें वेदीचित्र होतें. सुमारें १४०० सालीं बेर्ट्राम नांवाच्या चित्रकाराच्या हाताखालीं तें तयार झालें, आणि आज तें हॅम्बुर्गच्या कलासंग्रहालयांत आहे. त्यांत मरीया चार सुयांवर आपल्या बाळाचा अंगरखा विणीत बसली आहे. तो गोल विणलेला, बिनशिवणीचा आहे, आणि ती गळ्याच्या ओळी पुऱ्या करीत आहे. बालक येशू जवळ आहे. आणि दोन देवदूत क्रूस, भाला, खिळे व कांट्यांचा मुगुट घेऊन उभे आहेत. सुयांवरच्या विणकामाचे जे जुन्यांत जुने नमुने मिळतात ते इजिप्त देशांतले, सुमारें अकराव्या ते चौदाव्या शतकांतले आहेत. तेव्हां हें चित्र इतिहास म्हणून घ्यावयाचें नाहीं. परंतु चित्रकाराच्या मनांत योहानाचें शुभवर्तमान होतें. प्रभूचा अंगरखा वरपासून खालपर्यंत अखंड विणलेला होता, म्हणून क्रूसापाशीं शिपायांनीं तो फाडला नाहीं, त्याजवर चिठ्या टाकिल्या. ज्यांनीं प्रभूला खिळिलें त्या कठोर हातांनींही अखंड वस्त्र फाडणें बरें मानलें नाहीं. आणि आपण ज्या वस्त्रांत विणले गेलों आहों तें आपण एका बांधावरून, एका भिंतीवरून, एका न दिलेल्या उत्तरावरून फाडून मोकळे होतों. तें वस्त्र पुन्हा जोडण्यासाठीं प्रभूला किती खालीं यावें लागलें, हें त्या देवदूतांच्या हातांतल्या वस्तु पाहिल्या म्हणजे समजतें.

तर आतां हें आपणांस कसें लागू पडतें तें पाहा.

बायांनो, तुमच्या हातचें काम हलकें समजूं नका. विणतांना, शिवतांना, भाकरी थापतांना ज्याच्यासाठीं तें काम आहे त्याचें नांव देवापुढें घ्या. आणि सुनांस व मुलींस ही विद्या शिकवा. कारण एका सुईपाशीं दोघी बसल्या म्हणजे जें बोलणें निघतें तें एरवीं निघत नाहीं.

पुरुषांनो, हीं बायकांचीं कामें असें म्हणून हंसूं नका. मध्ययुगांत युरोपांतल्या शहरांत विणणाऱ्यांचे संघ होते व त्यांत पुरुष होते. तुम्हीं सुई हातीं घेतली नाहीं तरी लड धरावयास दोन हात पुढें करतां येतात.

उपदेशक बंधूंनो, आपण आधीं आपल्या भिंतीपलीकडे पाहावें. ज्या गांवीं दोन घरें बोलत नाहींत, तेथें उपदेशानें वरच्या वर गांठ मारूं नका. दोघांच्याही ओट्यावर बसा, टाका प्रथम कोठें सुटला तें विचारा, आणि दोन्ही बाजूंनीं कापड उलटून पाहा.

आणि आपण सर्वांनीं, पुढच्या प्रभुभोजनापूर्वीं, मत्तय ५:२३–२४ हीं वचनें घरीं वाचावीं. वेदीपाशीं आल्यावर भावाच्या मनांत आपल्याविरुद्ध कांहीं आहे असें आठवलें, तर अर्पण तेथेंच ठेवून आधीं त्याच्याकडे जावयास प्रभूनें सांगितलें आहे. चूक कोणाची हें ठरवून मग जा, असें तो म्हणत नाहीं. उशीर केला तर शिडी लांबते. आम्ही सात वर्षें लांबविली, आणि आमच्या आईला तो टाका उचललेला पाहावयास मिळाला नाहीं. ह्याचें दुःख आमच्याजवळ राहणार आहे. तुमची आई, तुमचा भाऊ, तुमची जाऊ अजून जिवंत असेल, तर आजच जा. बोलावयास कांहीं सुचलें नाहीं तर चहा मागा.

हे प्रभो, ज्या तूं आम्हांस आमच्या मातांच्या उदरांत घडविलेंस, त्या तुझ्या हातांतून आमच्यापैकीं कोणी निसटूं देऊं नकोस. जे निसटले आहेत त्यांस उचल. आमच्या मनांत राहिलेले जुने वळसे काढून टाक, आणि आम्हांस एकमेकांच्या दारीं जाण्याचें धैर्य दे. आमेन.